बांधातली माशी

आमच्या कसालकडच्या वाडीत जमिनीतल्या बिळातून जे उडतं ते गांधील. दुसरा शब्दच नाही. या एका शब्दाने सुभद्राकाकीचं वाटोळं केलं, आणि त्याला माझाही हात लागला.

काकी आमची शेजारीण. सात वर्षांपूर्वी गवत कापताना हरिश्चंद्रकाकांचा विळा गांधीलमाशीच्या पोळ्यावर पडला. डंखांनी अंग सुजलं आणि दवाखाना गाठण्याआधीच ते गेले. तेव्हापासून परसातल्या भोपळ्याच्या वेली हाच काकीचा संसार. ते बी तिच्या सासूने, यशोदाआजीने दिलेलं. वाडीतले बाकीचे दुकानातलं पाकीट आणतात, तेव्हा हे वाण जपणारी काकी एकटीच. ते आपल्या हातून संपू नये, एवढाच तिच्या जीवाला घोर.

गेल्या पौषात परसामागच्या मातीच्या बांधाला बोटभर रुंदीची बिळं दिसली. काकीने हंडाभर पाणी उकळलं आणि एकेका बिळात ओतलं. मी पडवीत उभी राहून बघत होते. मी कुडाळच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. ती गांधील नव्हे, हे मला लांबूनच कळलं होतं.

ती लांब मिशांची माशी, मधमाशीच्याच कुळातली. शिंगांसारख्या मिशा मिरवतो तो नर. त्याला डंखच नसतो. संध्याकाळी चार-पाच नर वाळक्या काडीला जबड्याने धरून लोंबकळत झोपतात. मादी एकटीच बीळ खोदते, पायांच्या केसांत भोपळ्याच्या फुलाचे पराग भरून आणते, त्यांचा लाडू वळते, त्यावर अंडं घालते आणि खोली लिंपून टाकते. पिल्लू वर्षभर तिथेच असतं. म्हणजे त्या हंड्यात पुढच्या वर्षीच्या माश्याही शिजल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी!

पण मी बोलले नाही. नवरा गेलेल्या बाईला काय माश्यांचे धडे द्यायचे, असं स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर तिच्या तोंडाला भ्याले.

त्या वर्षी बियाण्याचा भोपळा आधीच धरला होता, म्हणून निभावलं. पावसाळ्यात मात्र बियाण्याच्या मडक्यात पाणी शिरलं आणि सातच बिया वाचल्या. काकीने सातही पेरल्या. वेली फोफावल्या, परस पिवळ्या फुलांनी भरलं, आणि फुलामागची इवली फळं एकेक करून पिवळी पडून गळू लागली. मोहोळं तर काजूवरच्या फवारणीने कधीच गेली होती. काकीने दृष्ट काढली, राख टाकली. मी रविवारी घरी आले तेव्हा दोनच मादी फुलं उरली होती. नरफूल खुडून त्यांना पराग लावले, पण फुलं मिटत आली होती. चार दिवसांत तीही गळली.

मग मला सांगावंच लागलं, की फळ धरायचं ते बांधातल्या त्या माश्यांमुळेच. काकीने सगळं ऐकून घेतलं.

"मगे तू तेव्हा कित्याक बोलाक नाय गो?"

ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला बांधावर बोलावलं. वेली वाळल्या होत्या. देवापुढे गाऱ्हाणं घालायचं ते पुरुषाने आणि त्याच्या प्रत्येक बोलाला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, पण तिच्या घरात पुरुष होता कुठे? विडा आणि नारळ मातीवर ठेवून तिने हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! माझा वैर गांधलेशी होता, तां मी ह्या गरीब माश्यांवर काढलंय. माझ्या सासूचा बी माझ्या हातान संपला. चूक पदरात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. साथ द्यायला दुसरं कोणीच नव्हतं.

"आणि ज्येका सगळा म्हायत आसान गप रवला, त्येकाय माफ कर रे म्हाराजा!"

काकी हात जोडून माझ्या 'व्हय म्हाराजा'साठी थांबली होती.