मुंबई तीन तासांवर

मोठेबाबांना, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाला, अंतर कोसांत सांगितलेलं खपत नसे. लढाई संपून सोनेगावच्या मैदानावरून मुंबईचं विमान सुटू लागलं, तेव्हापासून ते सगळं तासांत मोजत. नकाशावर सुतळी ताणून येईल त्याला दाखवत, "आगगाडी भुसावळले वळसा घेते. हे पाहा, सरळ. तीन तास." स्वतः ते वर्ध्यापलीकडे कधी गेले नव्हते.

हे तीन तास त्यांनी माझ्यासाठी वापरले. वडील गेल्यावर मी त्यांच्याकडेच वाढले. मुंबईच्या मेडिकल कॉलेजनं मला मुलाखतीला बोलावलं, तेव्हा आत्यानं त्यांना विचारलं, "पोरीले इतक्या दूर काहून धाडून राहिला गा, दादा?"

"दूर कुठी आहे वं? उमरेडची बैलगाडी दिवस बुडता पोचते. मुंबई त्याहून जवळ."

मी मेलनं दोन दिवस आधी जाते म्हटलं, तर ते दुखावले. "मेलनं गेली तं सारे म्हणतीन, पाहा, दूरच आहे." तिकीट विमानाचंच निघालं, मुलाखतीच्याच सकाळचं.

तो बुधवार पंचांगात वाईट होता. म्हणून त्यांनी सोमवारीच प्रस्थान ठेवलं, म्हणजे प्रवास त्या चांगल्या दिवशीच सुरू झाला असं धरायचं. शेजारच्या देवकाबाईंच्या देवघरात माझं गाठोडं गेलं. एकदा ठेवलं की घरी परत आणायचं नाही, निघताना उचलायचं. तांदूळ, सुपारी, लुगडं इथवर ठीक होतं. त्यांनी माझी सर्टिफिकिटंही त्यात बांधली.

"कागद माझ्याजवळ राहू द्या ना," मी म्हटलं.

"ज्याच्यासाठी जाऊन राहिली, तेच ठेवा लागते. नाहीतर प्रस्थान कायचं?"

बुधवारी टांगा दाराशी आला, आणि देवकाबाईंच्या दाराला कुलूप. रात्री उमरेडहून त्यांचा भाऊ गेल्याची खबर आली, सगळं घर तिकडं गेलेलं. टांगेवाला कुलूप फोडू म्हणाला.

"सुतकाच्या घराचं फोडाचं नाही," मोठेबाबा म्हणाले.

महाल वस्तीत देवकाबाईंच्या पुतण्याकडे किल्ली सापडली. गाठोडं घेऊन सोनेगावला पोचलो, तेव्हा विमान धावायला लागलं होतं.

"थांबन नं दोन मिनिटं," तारेच्या कुंपणाशी उभं राहून ते म्हणाले. विमान थांबवू शकेल असं कोणीतरी मला त्या क्षणी हवं होतं, आणि जवळ फक्त मोठेबाबा होते.

परतीच्या टांग्यात त्यांनी खिशातलं घड्याळ काढलं. "वर्धा गेलं असन." मग बऱ्याच वेळानं, "कारंजा." मी दात आवळून बसले होते.

घरी आत्या दारातच होती. "मी म्हटलं होतं नं, दादा. दूर आहे."

ते अंगणातल्या बाजेवर घड्याळ घेऊन बसले. जेवायलाही उठले नाहीत. शेवटी माझ्याकडे न बघता म्हणाले, "उतरलं असन. तुही खुर्ची रिकामीच गेली वं."

कॉलेजनं दुसरी तारीख दिली नाही. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करू, असं ते म्हणत होते. त्याच थंडीत ते गेले, आणि मुंबई जवळ आहे म्हणणारं घरात कोणी राहिलं नाही.