मंग पदर कोन धरीन?

फोटो मेमरी कार्डात मावतात, किस्से मावत नाहीत. ते माझ्यासोबत अकोल्याला, जुन्या शहरातल्या घरी येतात. जेवायला बसलं की मी सुरू होते. घरचे म्हणतात, "आज चांदूर बाजार नको!" आणि मग हात वाळेपर्यंत ऐकत बसतात.

दर शनिवारी मी चांदूर बाजारला जाते. तिथल्या भाजी-फुलं पिकवून विकणाऱ्या सहा बायकांना फोटोग्राफी शिकवते. आपल्या रोजच्या जगण्याचे फोटो त्यांनी स्वतः काढायचे आणि शेवटी अकोल्यात प्रदर्शन भरवायचं, असा बेत होता.

*

वर्ग त्यांच्यातल्या शोभाताईंच्या ओसरीवर भरायचा. समोर बाजेवर त्यांचे सासरे, म्हणजे मामाजी, बसलेले. पहिल्याच दिवशी मी सांगितलं, कॅमेरा दोन्ही हातांनी धरा, नाहीतर फोटो हलतो.

पाचजणींनी धरला. शोभाताईंचा एक हात मात्र डोक्यावरच. सासऱ्यांसमोर पदर ढळू द्यायचा नाही, ही घरची रीत. आणि साडी इतकी गुळगुळीत की हात काढला की पदर थेट खांद्यावर.

"मंग पदर कोन धरीन?" त्यांनी हळूच विचारलं.

मी पाच वर्षं फोटोग्राफी शिकलेय, पण हे कुठल्याच क्लासात शिकवलं नव्हतं.

*

निर्मलाकाकू गटात सगळ्यात मोठ्या. त्यांच्या फोटोत टमाट्यांचा ढीग असा की एकाला डाग नाही. मी म्हटलं, काकू, डॉक्युमेंटरी म्हणजे जसं आहे तसं दाखवायचं, सजवायचं नाही.

"सडका टमाटा कोनी वर ठेवते काय, मॅडम?" असं म्हणून त्यांनी कॅमेरा पिशवीत टाकला. मला वाटलं, पटलं.

पुढच्या शनिवारी त्यांनी चाळीस फोटो आणले. चाळीसही सडक्या टमाट्यांचे! "घ्या," त्या म्हणाल्या, "तुमाले खरं तेच पाह्यजे होतं न."

*

मग सेमाडोहच्या जंगलाची सहल निघाली. सफारीच्या दोन गाड्या, पुढे पर्यटकांची आणि मागे आमची. आणि दोन गाड्यांच्या मधूनच खरोखर वाघ निघाला! परत आल्यावर धावतच सगळ्यांचे कॅमेरे तपासले.

वाघाचा एकही फोटो नव्हता. होते ते पुढच्या गाडीतल्या पर्यटकांचे, तोंड उघडं पडलेले, डोळे विस्फारलेले. एक साहेब तर बायकोच्या पाठीमागे दडलेले.

"वाघाचा सारेच काढते," निर्मलाकाकू म्हणाल्या. "साहेब लोक इतके चूप कधी सापडतीन?"

खरं सांगते, तसे फोटो मला आजवर जमलेले नाहीत.

*

शोभाताईंचं मात्र अडलेलंच होतं. घरी काढलेल्या त्यांच्या प्रत्येक फोटोत वरच्या बाजूला एक धूसर हिरवा पट्टा यायचा. कॅमेरा डोळ्याला लावला की पदराची किनार लेन्सवर उतरायची. शिवाय एका हातामुळे फोटो हललेला.

तेवढ्यात मामाजींनी बजावलं की आधी प्रदर्शनात फोटो पाहीन, मग सून पुढे शिकेल का ते ठरवीन. मी घाबरले. शोभाताईंची नजर गटात सगळ्यात तयार, आणि तीच घरी बसणार! मी म्हटलं, पट्टा नसलेले मळ्यातले फोटो लावू. त्यांनी ऐकलं नाही. मामाजींचाच फोटो लावला आणि खाली स्वतःचं नाव लिहिलं.

*

प्रदर्शनाच्या दिवशी मामाजी धुवट धोतर नेसून आले आणि नेमके त्याच फोटोसमोर थांबले. बाज, धोतर, हातातला अडकित्ता, छाती. त्यावर हिरवा पट्टा.

"माहं डोकं कुठी गेलं?"

मी पुढे सरसावले, लेन्सचं काहीतरी सांगणार होते. पण शोभाताईच बोलल्या, नेहमीसारखा एका हाताने पदर धरून.

"सोळा वर्षं झाली, मामाजी. तुमी मले एवढेच दिसता."

मामाजींनी फोटोतल्या हिरव्या पट्ट्यावर बोट ठेवलं. मग कोपऱ्यातली खुर्ची त्यांनी स्वतः ओढत आणली, भिंतीला टेकवली आणि ताठ बसले.

"काढ आता एक."

शोभाताईंनी एका हाताने कॅमेरा डोळ्याला लावला.

"आलो काय पुरा?"

"नाही. पायापासून नाकालोकच."

मामाजींनी टोपी नीट केली. सुनेकडे न पाहता, समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले,

"दोन्ही हातानं धर. फोटो हालला नाही पाह्यजे."