कोणी राह्यलं का?

शाळेला कुलूप घालण्याआधी गुरुजी दार अर्धं लोटत, आत तोंड करून विचारत, "कोणी राह्यलं का?" आणि मग उभे राहत. दहा आकडे मोजून व्हावेत इतका वेळ. रिकाम्या खोलीपुढे थांबलेला माणूस पाहून रस्त्याने जाणारे हसत.

त्या सवयीचं कारण मी होते. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

छप्पन साली ते यवतमाळहून बोरी अरबजवळच्या आमच्या गावात आले. मी चौथीत होते, वयाने इतरांपेक्षा थोराड. पहिल्याच आठवड्यात मी फळ्यामागे पाट्या रचत बसले असताना त्यांनी बाहेरून कुलूप लावलं. कडी वाजलेली मी ऐकली. पण नव्या माणसाला हाक कशी मारायची, म्हणून तोंडच उघडलं नाही. दिवस कलल्यावर माय मला शोधत निघाली, तेव्हा ते धावत आले.

"आवाज काहून नाही देला व पोरी?"

मी मान खाली घातली. ते मायला म्हणाले, "चूक माही हाय बाई. इचारलं पाह्यजे होतं, अन् इचारून थांबलं पाह्यजे होतं. काही माणसाइले बोलाले वेळ लागते."

विचारणारी माणसं तुम्हीही पुष्कळ पाहिली असतील. विचारून थांबणारी किती, ते आठवून बघा.

शाळेतल्या सरकारी नकाशात आमचं गाव नव्हतं. गुरुजींनी मागच्या भिंतीवर गेरूने दुसरा नकाशा काढला. वर यवतमाळ, त्याला लागून लोहारा, खाली बोरी अरब, पुढे दारव्हा, आणि मध्ये आमचं गाव. नाल्यापलीकडच्या बंजाऱ्यांच्या तांड्यालाही त्यांनी ठिपका दिला. तांड्याचा नाईक तो पाहायला मुद्दाम आला आणि म्हणाला, "मास्तर, आमचा ठिपका तुमच्याहून बारका काहून?" गुरुजींनी तिथल्या तिथे गेरू कालवून ठिपका मोठा केला.

माझं लग्न लोहाऱ्याला झालं. एकसष्ट सालच्या शिरगणतीच्या वेळी मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते.

गावाची गणती गुरुजींकडे होती. दिवाळीआधी त्यांनी घरोघरी भिंतीवर गेरूने आकडे घातले होते. दिवाळीला बायांनी घरं लिपली. पुढे ते गणतीला निघाले तेव्हा गावात एक आकडा शिल्लक नव्हता.

"बायांनो, अख्खं गाव पुसून टाकलं तुम्ही."

शेजारची म्हातारी म्हणाली, "मंग का दिवाळीले सरकारचा आकडा पुजत बसू?"

ते हसले, आणि पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात केली. या वेळी आकडे चौकटीच्या लाकडावर घातले.

आमच्या ओट्यावर ते आले तेव्हा माझी मुलगी आठ दिवसांची होती. मी आत, दाराच्या फळीमागे होते. बाबांनी नावं सांगितली. आजी, ते स्वतः, माय, दोघे भाऊ.

"कोणी राह्यलं का?"

"नाही."

"पोरगी आली म्हणे ना तुमची?"

"ते आता आमची कायची? देली ना आमी लोहाऱ्याले. तिकडचे लिहितील."

दुसऱ्या दिवशी गुरुजी सकाळच्या मोटारीने लोहाऱ्याला गेले. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. तिथल्या यादीत मी नव्हते. सासरे म्हणाले होते, "सून माहेरी हाय, तिकडंच मोजतील."

संध्याकाळी ते परत आमच्या ओट्यावर बसले. धोतर धुळीने भरलेलं. "बुवा, दोन्ही घरी नाही म्हणतात. पोरगी हाय कुठं मंग?"

बाबांनी आधी गल्लीत कोणी आहे का ते पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "माह्या घरात लिहिली तं लोक म्हणतील, नांदवत नाहीत हिले."

"बाळंतपणाले आली, हे गावाले माहीत हाय."

"गावाले माहीत हाय गुरुजी. कागदाले कुठं माहीत?"

गुरुजींनी अर्ध्या लोटलेल्या दाराकडे तोंड केलं आणि विचारलं, "कोणी राह्यलं का?"

आणि ते थांबले.

मी बोलले नाही, तर मी कुठल्याच घरात नव्हते. मांडीवरची ही पोरही नव्हती. बाबांसमोर परक्या माणसाशी मी कधी बोललेली नव्हते. बाहेर कोणी हललं नाही.

"मी राह्यली," मी म्हणाले. "आमी दोघी राह्यलो."

बाबांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "लिहा."

गुरुजींनी मला नाव विचारलं. ठाऊक होतं, तरी विचारलं. नवऱ्याचं नाव मात्र विचारलं नाही, ते मला घेता येणार नाही म्हणून लोहाऱ्याहून लिहूनच आणलं होतं. "शिक्षण?" "चौथी." मुलीचं बारसं व्हायचं होतं. त्यांनी तिलाही एक ओळ दिली.

तीन वर्षांनी त्यांची बदली झाली. मी सासरी होते, मला कळलंही नाही. दिवाळीला माहेरी आले तेव्हा मुलीला घेऊन शाळेत गेले. बायांनी शाळा नुकतीच लिपली होती, भिंती ओल्या होत्या. मागच्या भिंतीवरचा नकाशा मात्र तसाच होता. सगळीकडून वीतभर जागा सोडून लिपलं होतं. मी मुलीला लोहाऱ्याचा ठिपका दाखवत होते, तेवढ्यात मागे अंधारलं. नवे गुरुजी आत न बघता दार ओढून घेत होते. कडी वाजली.

"थांबा गुरुजी," मी मोठ्याने म्हणाले. "आमी दोघी राह्यलो."