आत्याचा उजवा कान

माझी आत्या टेलिफोन ऑपरेटर होती. पार्ल्याला आमच्या आळीत तेव्हा नोकरी करणाऱ्या बायका मोजक्याच, त्याही बहुतेक शाळेत शिकवणाऱ्या. आत्या मात्र डबा घेऊन रोज कोट भागातल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जायची. डोक्यावर पट्टी, उजव्या कानाला इअरफोन आणि समोर भोकाभोकांचा उंच बोर्ड. लांबच्या गावांचे ट्रंककॉल ती जोडून द्यायची. "तिकडचा माणूस विहिरीत बसून बोलल्यासारखा वाटतो," ती सांगायची, "पण नीट कान दिला की कळतं." तिचं लग्न जमत नाही म्हणून आजी झुरायची. आत्या मात्र सकाळी वेणीफणी करून निघाली की खुशीत असायची.

माझी सगळी गुपितं आत्याकडे असत. आई धाकट्या भावामागे दमलेली, त्यामुळे शाळेतलं भांडण असो की फुटलेली बरणी, मी आत्याच्या कानाशी लागायची. ती ऐकून घ्यायची आणि कुणाला सांगायची नाही.

त्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी शेजारचे काका अंगणात फटाके लावत होते. एरवी हा माणूस इतका मऊ, की मांजरालासुद्धा "जा बाई" म्हणणारा. पण दिवाळी आली की त्यांना चेव यायचा. त्यांनी मोठा बाँब ठेवला, वात पेटवली आणि आवाज घुमावा म्हणून वर रॉकेलचा रिकामा डबा पालथा घातला. आम्ही पोरं कानांत बोटं घालून लांब उभी होतो. तेवढ्यात घराच्या कोपऱ्यावरून पणत्यांचं ताट घेऊन आत्या आली. काका "थांबा, थांबा" म्हणाले, पण तोवर ती डब्याच्या अगदी जवळ पोचली होती.

धूर विरला तेव्हा ती खाली बसलेली दिसली. तेल पातळावर सांडलं होतं. "मला काही झालेलं नाही," ती फार मोठ्यानं म्हणाली. मग उजव्या कानावर हात ठेवून तिनं विचारलं, "ही शिट्टी कोण वाजवतंय?"

शिट्टी कुणीच वाजवत नव्हतं.

दोन दिवसांत उतरेल, असं सगळे म्हणाले. आजीनं लसूण घालून तेल कोमट केलं आणि कानात सोडलं. भाऊबीज झाल्यावर वडील तिला अंधेरीला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले, मीही बरोबर होते. तेलाचं ऐकून डॉक्टर चिडले. मग शांतपणे म्हणाले, "पडदा भरून येईल. पण आतली नस दुखावली आहे, ती काही बरी व्हायची नाही. दुसरा कान जपा."

आत्या पुन्हा कामावर गेली. इअरफोन तिनं डाव्या कानाला लावला. पण उजव्यातली शिट्टी थांबत नव्हती आणि लांबचे बारीक आवाज तिच्यात बुडून जात. एक दिवस ती घरी आली ती चहासुद्धा न घेता भिंतीला टेकून बसली. "कॉल मागणाऱ्या एकाची आई गेली होती," ती वडिलांना म्हणाली, "आणि मी त्याला गावाचं नाव पुन्हा पुन्हा विचारत होते. शेवटी तो रडायलाच लागला रे."

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच बोर्डावरून बदली मागून घेतली. मग ती तिथेच मागच्या खोलीत बिलं तपासायला बसू लागली. त्या कामाबद्दल घरी ती कधीच काही बोलली नाही.

काका आले ते बऱ्याच दिवसांनी. ओटीवर आत्याच्या उजव्या बाजूला बसले, मान खाली घालून, गुडघ्याशी बोलल्यासारखे बराच वेळ बोलले. मला दारातून सगळं ऐकू येत होतं. त्यांना झोप लागत नव्हती. ताई मला वाटेल ते बोला पण बोला, असं ते म्हणत होते. आत्या समोर बघत होती. ते थांबल्यावर तिनं वळून पाहिलं.

"काका, तुम्ही काही म्हणालात का? या बाजूला येऊन सांगा ना."

काका उठून डावीकडे आले. "काही नाही, ताई," एवढंच म्हणाले आणि गेले. मी नंतर तिला सगळं सांगितलं. "त्यांनी काय मुद्दाम केलं?" ती म्हणाली आणि निवडायचे तांदूळ पुढ्यात ओढले. काकांनी पुढे फटाक्याला हात लावला नाही.

पुढच्या दिवाळ्यांत आत्या फराळाआधी आम्हा सगळ्या पोरांना ओळीनं बसवून कानांत कापसाचे बोळे घालायची. "नुसत्या कापसावर भरवसा नको. बोटं घाला आणि लांब पळा," हे दर वेळी बजावायची. आळीतली पोरं तिला भित्री म्हणायची. माळा वाजायला लागल्या की ती माजघरात जाऊन दार लावून घ्यायची.

मी मोठी होत गेले. तिला सांगण्यासारखं खूप साठत गेलं. पण त्या शिट्टीत कुजबुज तिच्या डाव्या कानालाही लागत नसे; तिला सांगायचं तर आवाज चढवावा लागे, आणि आवाज चढवला की ते घरभर होई. पहिल्यांदा मला कुणी आवडलं, तेव्हा मी तिच्याजवळ जाऊन बसले होते. तिनं डावा कान पुढे केला. माजघरात आई होती, आजी होती.

"बोल ना गं," आत्या म्हणाली.

मी म्हटलं, "काही नाही, सहज बसले."