विस्टा, नोव्हा आणि नरहरभाऊंचं मत

नरहर ढोमणे यांनी एकदाच, गिऱ्हाइकानं विचारलं नसताना, त्याला खरं सांगितलं, आणि ते गिऱ्हाईक सहा महिने दुकानाकडे फिरकलं नाही. तेव्हापासून ते गप्प राहायला शिकले.

वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आलेले आणि कारकून म्हणूनच निवृत्त झालेले. मुलानंही सरकारात चिकटावं म्हणून त्यांनी पाच परीक्षांचे फॉर्म भरून दिले. नरहर पाचही परीक्षांना वेळेवर गेला आणि पाचही वेळा वेळेवर परत आला. मग नेहरू नगरातल्या घराच्या पुढच्या खोलीत त्यानं कॅमेरे दुरुस्त करायला घेतले. आता नरहरभाऊ एकोणसाठ वर्षांचे आहेत आणि हारुमा कंपनीचे शहरातले अधिकृत दुरुस्तीवाले आहेत.

हारुमाचे मधल्या दर्जाचे कॅमेरे दोन प्रकारचे, विस्टा आणि नोव्हा. विस्टा काळा, जाडजूड. तो गळ्यात घातला की माणूस आपोआप गंभीर दिसू लागतो. नोव्हा रुपेरी आणि आटोपशीर. दोन्हीकडचे लोक एकमेकांची मनापासून कीव करत. शाहपुरा तलावावर रविवारी सकाळी पक्ष्यांचे फोटो काढणारी मंडळी जमत, त्यांच्यातही असे दोन तट होते. विस्टावाल्यांचे पुढारी अरविंद केळापुरे, अवधपुरीत राहणारे, कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. नोव्हाची बाजू सुचेता भागडीकर लढवत. त्या बँकेत अधिकारी होत्या आणि कुणाचं ऐकून घ्यायची त्यांना सवय नव्हती. खंड्या फांदीवर असेपर्यंत दोघं फोटो काढत, तो उडाला की भांडत.

नरहरभाऊंना मात्र दोन्ही कॅमेरे आतून ठाऊक होते. सर्किट बोर्ड तोच, शटर तेच, मोटार तीच. विस्टाच्या मेनूत ज्या तीन सोयी दिसत, त्या नोव्हात कुलूप लावून ठेवलेल्या, एवढाच फरक. हे त्यांनी एकदा भाबडेपणानं अरविंदरावांना सांगितलं होतं.

"केळापुरे साहेब, वरचं कवच सोडलं तर हा नोव्हाच आहे."

अरविंदरावांनी अर्धवट उघडलेला कॅमेरा रुमालात गुंडाळला आणि ते निघून गेले. ते सहा महिने हेच.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात कंपनीचा रोहन दुकानात आला. भोपाळातच वाढलेला मराठी मुलगा, त्यामुळे निम्मं हिंदी.

"काका, ऊपरसे विचारलंय. विस्टा आणि नोव्हा एक करायचे का? टेक्निशियन लोकांचं मत पाहिजे. लेकिन ईमानदारीसे."

"ईमानदारीसे?" नरहरभाऊंनी पुन्हा विचारलं.

"एकदम."

त्यांना असं कुणी कधी म्हटलंच नव्हतं. तीन आठवडे ते लिहीत बसले. वहीचं डावं पान विस्टाचं, उजवं नोव्हाचं, आणि दोन्हीकडे तोच मजकूर. कंटाळून त्यांनी उजवीकडे 'वरीलप्रमाणे' लिहायला सुरुवात केली. पत्नी शशिकलाबाईंनी वही चाळली.

"अहो, सगळीकडे वरीलप्रमाणेच आहे. मग एवढं लिहिता कशाला?"

"कंपनीला कळायला नको?"

"कॅमेरे कंपनीनंच बनवलेत ना?"

यावर नरहरभाऊंनी चष्मा पुसला.

हॉटेलात बैठक झाली. दिल्लीहून मोठे साहेब आले होते. नरहरभाऊंनी वही उघडलीच नाही. त्यांनी दोन उघडे कॅमेरे टेबलावर शेजारी ठेवले, याचं शटर काढून त्यात बसवलं, त्याचं यात, आणि दोन्हींनी साहेबांचाच फोटो काढून दाखवला.

"सर, एकत्र काय करायचं? हे वेगळे कधी नव्हतेच. एकच ठेवा, सगळ्या सोयी उघड्या करा, नाव काही पण द्या."

सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. मग साहेबांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. घरी येताना नरहरभाऊ शीळ घालत होते. शशिकलाबाईंनी लग्नानंतर ती पहिल्यांदाच ऐकली.

पण शहरात बातमी दुसरीच पसरली, ढोमण्यांनी आपला कॅमेरा बंद करायला सांगितला म्हणून. पुढच्या रविवारी अरविंदराव आणि सुचेताबाई एकाच रिक्षातून दुकानाशी उतरले. हे दृश्य बघून नरहरभाऊ उभेच राहिले.

"तुम्ही विस्टा संपवायला निघालात?" अरविंदराव म्हणाले.

"आणि नोव्हा त्या बोजड धोंड्यात मिसळणार?" सुचेताबाई म्हणाल्या.

"धोंडा कुणाला म्हणता?"

"ते नंतर बघू. आधी यांचं बोला."

नरहरभाऊंनी या वेळी काही सांगितलं नाही. पेचकस घेतला आणि दोन्ही कॅमेरे त्यांच्यासमोर उघडले. दोघं बराच वेळ वाकून बघत राहिले.

"मग अकरा वर्षं आम्ही भांडलो ते कशावरून?" सुचेताबाईंनी हळूच विचारलं.

"ते मला नाही सांगता येणार, मॅडम. मी फक्त कॅमेऱ्याचं बघतो."

अरविंदराव सरळ उभे राहिले. "बोर्ड एक असेल," ते म्हणाले, "पण स्वभाव वेगळा आहे."

"बरोबर आहे," सुचेताबाई म्हणाल्या. अरविंदरावांशी त्या पहिल्यांदाच सहमत झाल्या होत्या. दोघांनी तिथेच बसून कंपनीला संयुक्त निषेधपत्र लिहिलं, नरहरभाऊंच्याच पेनानं.

आठ महिन्यांनी निर्णय आला. रोहननं पेढ्यांचा डबा आणला.

"काका, तुमचं मत मानलं! दोन्ही एक केले. नोव्हिस्टा."

"आणि विस्टा, नोव्हा बंद?"

"ते कसे बंद करणार? पब्लिक भडकली होती, चिठ्ठ्या आल्या होत्या. ते पण राहणार."

"म्हणजे आता तीन?"

"तीन," रोहन म्हणाला. "काका, लाँचला तुम्हीच बोलायचं."

नमुना म्हणून आलेला नोव्हिस्टा नरहरभाऊंनी त्याच दुपारी उघडला. बोर्ड तोच, शटर तेच. कवच तेवढं निळसर होतं. त्यांनी तो बंद केला, हात धुतले आणि जेवायला बसले. पण भाजीत मीठ नसल्याचं त्यांच्या लक्षात आलं नाही, तेव्हा शशिकलाबाईंना कळलं की काहीतरी लागलंय.

"नाही जात मी तिथे बोलायला," ते म्हणाले.

"जा. पण जे आहे तेच बोला. विचारलंय त्यांनी."

ते गेले. माइक हातात घेतला. "देखिए," ते म्हणाले, "मैंने खोलकर देखा है। अंदर वही है जो पहले था।" आणि खाली बसले.

सभागृहानं टाळ्यांचा कडकडाट केला. कुणीतरी उठून उभंही राहिलं. महिन्याभरात शहरातल्या चौकांत मोठे फलक लागले. त्यांवर नरहरभाऊंचा चष्मा लावलेला चेहरा आणि खाली अक्षरं: 'अंदर वही है।' पुढे कंपनीनं स्वतःचा एक शब्द जोडला होता: 'भरोसा।'

दुकानात गर्दी वाढली. शाहपुऱ्यावर आता नोव्हिस्टावाल्या तरुणांचा तिसरा तट आहे, आणि त्यांच्याविरुद्ध अरविंदराव आणि सुचेताबाई खांद्याला खांदा लावून लढतात. परवा एक मुलगी दुकानात आली. तिनं तिन्ही कॅमेरे काउंटरवर मांडायला लावले आणि विचारलं, "अंकल, खरं सांगा, यातला कुठला घेऊ?"

नरहरभाऊंनी आत स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. शशिकलाबाई कणीक मळता मळता थांबल्या होत्या, कान देऊन.

"बस बेटा," ते म्हणाले, आणि त्यांनी पेचकस उचलला.