सिमेंटचे डबे

आमचं इटेन गाव दरीच्या कड्यावर वसलेलं. मी इथल्या शाळेत शिकवते; जेलागत माझ्या वर्गात होती तेव्हा शाळेआधी दरीतून पाणी आणायची. कॅन पाठीवर, पट्टा कपाळाला, आणि वर ती उभी चढण. त्या पायांनीच पुढे तिला धावपटूंच्या कॅम्पमध्ये नेलं.

लग्नानंतर तिच्या नवऱ्याने, एलकानाने, दारात नळ आणला. आता सुनेने फक्त धावायचं, असं सासू कौतुकाने सांगायची. पाण्यालाही कुणी तिला हात लावू देईना. पुढे तिचं कमरेखाली दुखू लागलं. लांबच्या धावेत ती मागे पडली आणि कॅम्पमधली तिची जागा, तिची खाट, गेली. ती रडली नाही. घरी जाऊन बसून राहिली.

कॅम्पचे कोच किमोसोप यांनी तिला शाळेच्या मैदानावर बोलावलं, एका पायावर उभं केलं. दुसरीकडची कंबर खाली झुकली; ती धरून ठेवायचा जोर पायात उरला नव्हता.

"घरी पाणी कोण आणतं?"

"नळ आहे."

"मग शर्यतीला नळच पाठवू या."

तिला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती दांडा उचलू लागली. दांड्याच्या दोन्ही टोकांना रंगाचे जुने डबे, सिमेंटने भरलेले. खांद्यावर दांडा घेऊन बसायचं, उठायचं. मग एकेका पायावर. आमच्याकडे काटकुळा तोच वेगवान, वजन उचललं की अंग जड होतं, अशी पक्की समजूत. सासूबाई कुंपणाशी येऊन म्हणाल्या, "अगं, बैल होशील. मग नांगराला जुंपू तुला."

जेलागतने दांडा खाली ठेवला, घाम पुसला, पुन्हा उचलला. दुखतं का, असं एलकाना विचारायचा. कळत नाही, म्हणायची. तिला खरंच कळत नसावं.

पावसाळा सरल्यावर निवडीची लांब धाव झाली. शेवटच्या चढापर्यंत जी घोळक्यात टिकेल, ती कॅम्पमध्ये. चढावर दोघी मागे पडल्या. जेलागत टिकली. कंबर कुठेच झुकली नाही.

"सोमवारी गादी घेऊन ये," कोच एवढंच म्हणाले.

तिने मान हलवली. मी चहा पुढे केला. "झालं ना गं मनासारखं?"

"झालं असेल, बाई," ती म्हणाली, आणि मांडी चाचपत राहिली, जणू दुसऱ्या कुणाची तपासते आहे.

सोमवारी ती भाड्याच्या मोटारसायकलवर मागे बसून गेली, गुंडाळलेली गादी मांडीवर. फाटकातून एलकाना हात हलवत होता. तिचे हात गादीलाच धरून होते.