सागाच्या जंगलातला उजेड

या सदरात माझं नाव बघून ऑफिसातले जुने सहकारी हसतील, हे मला ठाऊक आहे. मी केमिकल इंजिनिअर, सगळी नोकरी प्लांटवर काढली. अमावस्येला नवी स्कूटर घरी आणणारा बडोद्यात मांजलपूरच्या आमच्या सोसायटीतला मी एकटाच! भुताखेतांवर तेव्हा विश्वास नव्हता, आजही नाही. पण एक गोष्ट माझ्यासमोर घडली आहे, आणि ती घडलीच नाही असं म्हणणं खोटेपणाचं होईल. म्हणून लिहितो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. घराघरात नुकतंच केबल येत होतं आणि पगारही बऱ्यापैकी वाढले होते. मी हौस म्हणून बडोद्याच्या फ्लाइंग क्लबात जाऊन विमान चालवण्याचं लायसन्स काढलं. बायको, सुनंदा, म्हणायची, "लोक फ्लॅटचे हप्ते भरतात, तुम्ही हवेत उडवताय." तरी मी जायचोच. तिथेच डॉ. किरीटभाईंची ओळख झाली. निजामपुऱ्यात त्यांचा दातांचा दवाखाना होता. ते स्वतः विमान चालवत नसत, पण नजर घारीसारखी. पूर आला की जिल्हा कचेरीतून क्लबला विचारणा व्हायची, आणि आमच्यासारखे काही सभासद स्वतःहून नावं द्यायचे. मी विमान चालवायचो, किरीटभाई शेजारी बसून खाली बघायचे. पैशाबिशाचा प्रश्नच नव्हता.

त्या वर्षी श्रावणात पाऊस थांबायलाच तयार नव्हता. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या नलिनी कारखानीस नावाच्या बाई झाडपाल्याचे नमुने गोळा करायला राजपीपळ्याच्या डोंगरांत गेल्या होत्या. बरोबर हेतल नावाची विद्यार्थिनी आणि जीपचा ड्रायव्हर रणछोडभाई. रात्रीपर्यंत परत येणार होते, आले नाहीत. दुसऱ्या दिवशी जीप एका नाल्यापाशी सापडली, चिखलात रुतलेली आणि रिकामी. पोलीस आणि गावकरी शोधत होते, पण पुरामुळे आत जाता येईना. त्या दिवशी हवामान इतकं वाईट होतं की बडोद्याहून एकही विमान उडालं नाही. मी स्वतः हरणीच्या विमानतळावर संध्याकाळपर्यंत बसून होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी ढग थोडे वर सरकले आणि आम्ही निघालो. डभोई मागे पडलं, शेतं संपली, आणि मग नुसते डोंगर आणि साग. ज्यांनी वरून पावसाळ्यातलं सागाचं जंगल पाहिलं नाही त्यांना सांगतो — वरून माणूस दिसत नाही. हत्ती उभा असला तरी दिसणार नाही! पानांखाली सगळं झाकलेलं. जीप सापडली तिथून सुरुवात करून आम्ही एकेक दरी बघत गेलो. ढगांचं छप्पर इतकं खाली की डोंगरांचे माथे त्यात घुसलेले. सूर्य कुठे आहे याचाही पत्ता नव्हता.

इंधनाचा काटा बघून मी किरीटभाईंना म्हटलं की आता वळायला हवं. त्यांनी मान हलवली. मी विमान वळवायला घेतलं आणि डावीकडच्या एका अरुंद घळीतून लखकन काहीतरी चमकलं. आरशावरून उन्हाचा कवडसा यावा तसं. पुन्हा एकदा... आणि पुन्हा.

किरीटभाईंनी माझा दंड पकडला. "जोयुं तमे?"

मी पाहिलं होतं. दोघांनीही एकाच वेळी, एकाच जागी. मी विमान त्या घळीवर आणलं. ती इतकी चिंचोळी होती की आधी आम्ही तिच्यावरून दोनदा गेलो होतो आणि आत वाकून बघितलंच नव्हतं. या वेळी जरा खाली उतरलो. घळीत तांबडं पाणी उसळत होतं, आणि त्याच्या काठावर एका पुढे आलेल्या खडकाखालून कुणीतरी बाहेर येऊन पिवळी ओढणी हलवत होतं. ती हेतल होती. मी पंख हलवून दाखवले, वर चढलो, रेडिओवरून बडोद्याला जागा कळवली. तिथून राजपीपळ्याला फोन गेला. दुपार टळायच्या आत गावकऱ्यांनी दोर लावून तिघांनाही बाहेर काढलं. नलिनीबाईंचा घोटा मोडला होता, बाकी सगळे धड होते.

इथवर मला काहीच वावगं वाटलं नव्हतं. त्यांनी आरसा चमकवला, आम्हाला दिसला, काम झालं. खरं सांगायचं तर मी आणि किरीटभाई त्या आठवड्यात जरा छाती काढूनच फिरत होतो.

नलिनीबाई दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनी आम्हा दोघांना चहाला बोलावलं. हेतलही आली होती. पोहे झाले, चहा झाला. मी हेतलला म्हटलं की तू आरसा दाखवलास ते फार हुशारीचं केलंस.

ती गोंधळली. कसला आरसा? त्यांच्याकडे आरसा नव्हता. पाणी चढल्यावर जीप सोडून पळताना पिशव्या पाण्यात गेल्या होत्या, स्टीलचा डबा जीपमध्येच राहिला होता, टॉर्च पहिल्याच रात्री बंद पडला होता. ती म्हणाली की आमचं विमान अगदी डोक्यावर आलं तेव्हाच त्यांना कळलं. तोपर्यंत तिघं खडकाखाली अंग चोरून बसले होते.

आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला... त्या दिवशी ऊन तरी कुठे होतं? ढगांतून एक किरण आला नव्हता. आरसा असता तरी तो चमकवणार कशाने?

मी हे बोलून दाखवलं तेव्हा नलिनीबाई कप खाली ठेवून म्हणाल्या, "पण लाइट तर तुम्ही दाखवलीत ना आम्हाला? आदल्या संध्याकाळी?"

मी म्हटलं, आदल्या संध्याकाळी कुणीच उडालं नव्हतं.

त्यांनी हेतलकडे पाहिलं, मग सावकाश सगळं सांगितलं. त्या संध्याकाळी तिघांनी ठरवलं होतं की आता वाट बघण्यात अर्थ नाही, पाणी ओलांडून पलीकडे जायचं. रणछोडभाई पाठीवर बाईंना घेणार होते. ते पाण्यात उतरणार इतक्यात समोरच्या कड्यावर, ढगाच्या अगदी खाली, पांढरा उजेड दिसला. तीन वेळा. विजेसारखा पसरलेला नाही, एकाच जागी. रणछोडभाई म्हणाले, विमान आहे, आपल्याला शोधतायत, जागा सोडायची नाही. म्हणून ते खडकाखाली परत गेले. थोड्याच वेळात वरून पाण्याचा लोंढा आला, झाडं मुळासकट घेऊन. ज्या जागी ते उतरणार होते तिथे उभं राहणं कुणालाच शक्य नव्हतं.

"आवाज ऐकलात?" मी विचारलं.

"पाण्याच्या आवाजात कुठला आवाज ऐकू येणार?" बाई म्हणाल्या. "आम्ही ते तुम्हीच असं समजून चाललो होतो."

नंतर मी जे जे करता येईल ते केलं. विमानतळावर चौकशी केली, लष्कराचं वगैरे काही उडालं होतं का तेही ओळखीच्या माणसाकडून विचारून घेतलं. नाही. वीज म्हणावी तर तिघंही म्हणतात वीज ओळखतो आम्ही. आमच्या विमानाचा पुढचा दिवा त्या फेरीत मी लावलाच नव्हता. पाऊस उघडल्यावर किरीटभाई आणि मी त्या घळीपर्यंत चालत गेलो. ओला खडक चमकतो का ते बघितलं, साचलेलं पाणी बघितलं. कड्यावर चढायला वाटही नाही, तिथे गाव नाही, वीज नाही. गावातल्यांना विचारलं, त्यांनी आम्हालाच उलट विचारलं.

किरीटभाई म्हणतात, माताजीची कृपा. मी तसं म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो की पाच शहाण्यासुरत्या माणसांनी दोन वेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या बाजूंनी तोच उजेड पाहिला, आणि त्यातल्या कुणीही तो दाखवला नव्हता. कुणाकडे सरळ उत्तर असेल तर मला खरंच ऐकायचंय.

हेतल आता न्यू जर्सीत असते. दोन मुलं आहेत तिला. दिवाळीला तिचा न चुकता फोन येतो. सगळ्यांची चौकशी झाली की फोन ठेवण्याआधी ती त्या उजेडाबद्दल विचारते, "अंकल, कंई खबर पडी?"

मी म्हणतो, "ना बेटा. हजी नहीं."